शुगर असणाऱ्यांनी आजारपणाच्या दिवसांत किडनी कशी सांभाळावी

शुगरच्या माणसाला जुलाब लागले की घरचे पहिली काळजी शुगरची करतात. मशीन काढतात, बोट टोचतात, १८० आली की हुश्श करतात. दिवसभरात लघवी किती झाली, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि सकाळच्या गोळ्या रोजच्यासारख्या घेतल्या जातात, कारण शुगर-बीपीच्या गोळ्या चुकवायच्या नसतात हे सगळ्यांना पाठ असतं.

एरवी ते बरोबरच आहे. पण पोट बिघडलेल्या दिवशी त्यातल्याच दोन-तीन गोळ्या किडनीच्या मुळावर येऊ शकतात.

माझं नाशिकला दिंडोरी रोडवर मेडिकल आहे. पंचवटी-म्हसरूळची घरं ठरलेली, शिवाय मार्केट यार्डात माल घेऊन आलेली दिंडोरी-वणीकडची मंडळी. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कोणती गोळी तुमच्यासाठी थांबवायची हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण त्यांना काय विचारायचं, घरी काय बघायचं आणि काउंटरवर येऊन काय मागायचं नाही, एवढं मी नक्की सांगू शकते.

शुगरमुळे किडनी वर्षानुवर्षं हळूहळू खराब होते, ती गोष्ट वेगळी. इथे मी बोलतेय ती चार-दोन दिवसांत काम थांबवणाऱ्या किडनीबद्दल. डॉक्टरांच्या कागदावर त्याला 'एकेआय' लिहिलेलं असतं, आपण अक्युट किडनी फेल्युअर म्हणतो. ही अवस्था बऱ्याचदा टाळता येते आणि लवकर लक्षात आली तर किडनी पुष्कळदा पूर्वपदावरही येते. शुगर असलेल्यांना तिचा धोका इतरांपेक्षा जास्त, कारण किडनी आधीच थोडी थकलेली असते आणि गोळ्याही अशाच चालू असतात.

तब्येत चांगली असताना करायचं काम

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसती चिठ्ठी नेऊ नका, गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या. टेबलावर मांडा आणि सरळ विचारा: 'डॉक्टर, उलट्या-जुलाब झाले, ताप आला, जेवण जाईना, तर यातल्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या? आणि परत कधी चालू करायच्या?' उत्तर एका कागदावर लिहून घ्या, गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. फोन करायचा नंबरही त्यावरच.

साधारण कोणत्या गोळ्यांबद्दल विचारायचं ते सांगते. बीपीच्या 'सार्टन' वर्गातल्या, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. त्यांच्याच नात्यातल्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल. लघवी वाढवणाऱ्या: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन. शुगरच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांना यातल्या काही गोळ्या दुसऱ्याच कारणासाठी दिलेल्या असतात, तेव्हा त्यांनी शेजाऱ्याचा कागद बघून काही करू नये.

खरी मेख अशी, की लोकांना आपण काय घेतो हेच माहीत नसतं. 'पांढरी लांबट', 'गुलाबी अर्धी' ही नावं झाली. त्यातून आता एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. टेल्मिसार्टनच्या ब्रँडपुढे 'एच' असेल तर आत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, 'एएम' असेल तर अॅम्लोडिपिन. शुगरच्या गोळीपुढे 'एम' असेल तर मेटफॉर्मिन. पण ब्रँडच्या अक्षरांवर भरवसा ठेवू नका, स्ट्रिप उलटी करून घटक वाचा. अक्षरं बारीक असतात. आमच्याकडे आणलीत तर आम्ही वाचून देऊ, त्याचे पैसे पडत नाहीत. मी तर नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या स्ट्रिपवर मार्करने ठसठशीत लिहूनच देते: 'जुलाब झाले तर डॉक्टरांना फोन'. स्ट्रिप संपली की लिहिलेलंही जातं, म्हणून तो झाकणावरचा कागद हवाच.

डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. भाव धाडकन उतरले आणि ही औषधं घराघरांत पोचली. औषधं उत्तम आहेत, किडनीला आणि हृदयाला रोजच्या दिवसांत आधारच देतात. फक्त ती लघवीवाटे साखर काढतात आणि साखरेबरोबर पाणीही जातं. उपाशीपोटी, उलट्या चालू असताना ही गोळी घेत राहिलं तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि तेही शुगर २०० च्या आसपास असताना. मशीन बघून घरचे निर्धास्त, आणि माणूस पोट धरून जोरजोरात श्वास घेतोय. अशा वेळी शुगरचा आकडा बघत बसू नका, दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट, आपलं नेहमीचं क्रिएटिनिन माहीत ठेवा. किडनी गाळून टाकते तो हा रक्तातला कचरा; किडनी मंदावली की त्याचा आकडा वाढतो. तारखेसकट त्याच कागदावर लिहा. लॅबच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' म्हणून साधारण १.२-१.३ पर्यंतचा आकडा छापलेला असतो. समजा तुमचं नेहमी ०.८ असतं आणि आजारपणात १.२ आलं. रिपोर्टवर लाल अक्षर नाही, खूणही नाही. पण तुमच्या हिशोबात ते दीडपट झालं. आठवडाभरात क्रिएटिनिन दीडपट होणं, किंवा ४८ तासांत ०.३ ने वाढणं, यालाच डॉक्टर एकेआय धरतात. जुना आकडा हाताशी नसेल तर हे कुणाच्याही लक्षात येत नाही. वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून प्रथिन किती गळतंय ते) करून घ्या. हे गुणोत्तर ३० च्या वर जात असेल तर अचानकच्या धक्क्यालाही तुम्ही कच्चे आहात, असं समजून चाला.

अंगदुखीची गोळी

यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण ही चूक माझ्या काउंटरसमोर घडते.

द्राक्षाच्या छाटणीचे दिवस. दिवसभर हात वर करून काम, पाठ-खांदे भरून आलेले. दिंडोरीकडचे एक नाना येतात, वय पासष्टीच्या पुढे, शुगर आणि बीपी दोन्ही. 'ताई, अंगदुखीची द्या, ती कडक.' कडक म्हणजे डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅक. मी विचारलं, 'नाना, पोटबिट ठीक आहे ना?' म्हणे, 'काल रात्रीपासून दोन-चारदा जावं लागलं, पण ते बंद झालं.' बीपीची कोणती घेता? खिशातून स्ट्रिप निघाली, टेल्मिसार्टन एच.

आता बघा. किडनीच्या गाळणीला ठिबकसारखा दाब लागतो. आत येणारी नळी मोकळी हवी आणि बाहेर जाणारी थोडी आवळलेली, तरच मधे दाब टिकतो. जुलाबांनी मुळात पाणीच कमी झालं. एच वाल्या भागाने आणखी पाणी काढलं. टेल्मिसार्टनने बाहेरची नळी सैल केली. आता वरून कडक गोळी गेली की आत येणारी नळी आवळते. गाळणीत दाब राहणार कुठून? बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि पेनकिलर या तिघींची युती किडनीला फार महागात पडते, आणि सोबत जुलाब असतील तर बघायलाच नको.

नानांना मी पॅरासिटामॉल दिली, ओआरएस दिलं आणि त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावायला सांगितला. थोडे नाराज झाले. 'पॅरासिटामॉलनं काय होतंय?' होतं, एकदम झोपवणार नाही, पण दुखणं उतरवते. ६५० ची एक, सहा तासांच्या अंतराने, दिवसाला चारच्या वर नाही. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू होत असेल तर आधी विचारायचं.

आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक अॅसिड, एटोरिकॉक्सिब ही सगळी त्याच घराण्यातली. दातदुखी, पाळीतली पोटदुखी, गुडघे, तापात 'कॉम्बिनेशन' म्हणून दिलेली गोळी, सगळीकडे ती लपलेली असतात. कमरेत घेतलेलं 'दुखण्याचं इंजेक्शन' बहुधा डायक्लोफेनॅकच असतं. सुई टोचण्याआधी सांगा: 'मला शुगर आहे, किडनीला चालेल असंच द्या.' लाज वाटायचं काही कारण नाही. दुखऱ्या गुडघ्यावर लावायच्या मलमातून औषध रक्तात बरंच कमी जातं, पण क्रिएटिनिन आधीच वाढलेलं असेल तर तेही विचारूनच.

काढे आणि भस्मं, तीही 'किडनी साफ करणारी' म्हणून कुणी दिलेली, आजारपणात सरळ बाजूला ठेवा. ज्याच्या डबीवर घटक छापलेले नाहीत ते पोटात घालू नका.

जुलाब, उलट्या किंवा ताप सुरू झाला त्या दिवशी

पहिला फोन डॉक्टरांना, कागद हातात घेऊन. गोळ्या थांबवायला सांगितल्या तर थांबवा. खाणं-पिणं पूर्ववत होऊन २४ ते ४८ तास झाले की त्या बहुतेक वेळा परत सुरू करतात.

इन्सुलिनचं वेगळं आहे. जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद, असं घरच्या घरी ठरवू नका. आजारपणात शुगर उपाशीपोटीही वाढते. डोस कमी-जास्त होईल, पण तो डॉक्टरांशी बोलून. दर चार तासांनी शुगर बघा.

आणि एक उलटी खूण लक्षात ठेवा. नेहमी २२०-२५० असणारी शुगर आजारपणात औषध न वाढवता अचानक ९०-१०० वर आली, वरचेवर उतरायला लागली, तर खूश होऊ नका. किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असर रेंगाळतो. 'पथ्यामुळे शुगर सुधारली' म्हणून आनंदात असलेल्या घराला क्रिएटिनिनची चाचणी सुचवावी लागते, ती यामुळे. पहाटे घाम फुटून शुगर ६० वर आलेली असेल तर आधी साखर द्या आणि लगेच दवाखान्यात निघा.

ओआरएसचं घ्या. 'त्यात साखर असते ना?' हा प्रश्न मला जुलाबाच्या सीझनमध्ये रोज येतो. डब्ल्यूएचओच्या सूत्राप्रमाणे लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे २०० मिलिच्या ग्लासात तीन ग्रॅमही नाही. दोन चमचे साखरेच्या चहात याच्या कितीतरी वर जातं. ते ग्लुकोज चवीसाठी नाही, त्याच्यामुळेच मीठ आणि पाणी आतड्यातून आत खेचलं जातं. त्यामुळे शुगर असली तरी जुलाबात ओआरएस प्यायचं.

पाकीट मात्र बघून घ्या. मोठं, साधारण २१ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पाण्यासाठी. छोटं २०० मिलिसाठी. मोठं पाकीट एका ग्लासात ओतून पिणारे मी पाहिलेत. तसं केलं तर मीठ फार होतं आणि उलटी वाढते. पाकिटावर पाण्याचं माप लिहिलेलं असतं. टेट्रापॅकमधली गोड पेयं 'ओआरएस' म्हणून विकली जात होती, त्यात साखर भरमसाट. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. तरीही नाव न बघता घटक बघा. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, रास न लावता.

घोट घोट प्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने. ताक, पेज, वरणाचं पाणी चालेल. नारळपाणी आपल्याकडे आजाऱ्याला हमखास देतात, पण त्यात पोटॅशियम बरंच असतं. लघवी कमी झालेली असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन-टेल्मिसार्टन चालू असेल, तर ते नको. पोटॅशियम ६ च्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बाहेरून फारसं काही कळत नाही.

ज्यांची किडनी किंवा हृदय आधीच कमजोर आहे आणि पाण्याचं माप ठरवून दिलेलं आहे, त्यांनी किती प्यायचं ते फोनवरच विचारून घ्यावं.

लघवी मोजा

याला काही यंत्र लागत नाही. एक लिटरची बिसलेरीची बाटली वरून कापा, बाहेरून शंभर-शंभर मिलिच्या रेघा मारा. लहान कप किंवा औषधाच्या मापाने पाणी ओतत गेलं की रेघा बरोबर येतात. बाथरूममध्ये ठेवा, वेळ आणि आकडा वहीत. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिलि, म्हणजे सहा तासांत १८० मिलि तरी व्हायला हवी. त्याखाली गेली की डॉक्टरांना कळवायचं, उद्यावर ढकलायचं नाही. दिवसभरात ४०० मिलिच्या आत म्हणजे गंभीर.

एक फसगत होते. शुगर ३५०-४०० असेल तर शरीर सुकत असतानाही लघवी भरपूर होते, कारण साखर पाणी ओढून नेते. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांचंही थोडंफार तसंच. तेव्हा भरपूर होतेय म्हणजे किडनी ठीक, असं नाही. जीभ कोरडी, उभं राहिलं की अंधारी, बीपी वरचं १०० च्या खाली, यावरही नजर ठेवा.

पुरुषांत, साठीनंतर, आणखी एक. थेंब थेंब होतेय, ओटीपोट टणक आणि फुगलेलं. तिथे लघवी तयार होतेय, अडकलीय. प्रोस्टेट ग्रंथी वाढली असेल, किंवा शुगरने मूत्राशयाच्या नसा मंदावल्या असतील. नळी टाकून ती मोकळी केली की किडनी सुटते, म्हणून उशीर नको.

कधी निघायचं

प्यायलेलं पाणी सहा तास पोटात टिकत नाही. आठ तासांत लघवी नाही. माणूस गुंगीत, असंबद्ध बोलतोय. धाप लागतेय, पाय किंवा तोंड सुजलंय. शुगर दोनदा ३०० च्या वर, किंवा ७० च्या खाली. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखतंय: शुगर असलेल्यांत किडनीत वायू धरणारा जंतुसंसर्ग होऊ शकतो, तो फार झपाट्याने वाढतो. पायाची जखम काळी पडून ताप आलाय. यातलं एकही असेल तर १०८ लावा किंवा गाडी काढा.

छोट्या दवाखान्यात सलाईन लावून तिथेच थांबायचं असेल तर निदान रक्त पाठवायला सांगा: क्रिएटिनिन, युरिया, सोडियम, पोटॅशियम, आणि लघवीची साधी तपासणी. लघवी बंद असताना एकामागून एक सलाईन चढत राहिली तर पाणी फुप्फुसात साठतं. 'शक्तीसाठी एक लावून द्या' हा हट्ट अशा वेळी करू नका.

चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. ऊन चाळिशीला टेकलेलं, पाणी कमी, पायांच्या दुखण्यावर वाटेत पेनकिलर. शुगर-बीपी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून त्या दिवसांपुरत्या गोळ्यांचं ठरवून घ्या, कागद खिशात ठेवा, आणि सोबतच्या एकाला तरी दाखवून ठेवा. नवरात्रात नऊ दिवसांचे उपास करणाऱ्या मावश्यांनाही हेच, विशेषतः निर्जळी करत असतील तर.

हॉस्पिटलमध्ये

कागद आणि स्ट्रिपा घेऊन जा. गेल्या आठवड्यात काय काय घेतलं, ते इंजेक्शन धरून सांगा. कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून रंगाचं औषध देऊन केलेला सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी ठरली तर 'मेटफॉर्मिन चालू आहे' हे तंत्रज्ञालाही सांगा; किडनीचं काम कमी असेल तर ती गोळी थांबवून ४८ तासांनी क्रिएटिनिन बघून मग परत देतात. सोनोग्राफी करून अडथळा नाही ना, हे बघितलं का, विचारा. अँटिबायोटिकमध्ये अमिकासिन किंवा जेंटामायसिन, ही किडनीला जड जाणारी, चालू असेल तर क्रिएटिनिन रोज बघताय ना, एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

डायलिसिस हा शब्द ऐकला की घर हादरतं. 'एकदा लावलं की कायमचं' हे अक्युटमध्ये खरं नाही. पोटॅशियम खाली येत नाही, पाणी फुप्फुसात गेलंय, आम्ल वाढलंय, अशा वेळी मानेत तात्पुरती नळी टाकून काही वेळा करतात, आणि किडनी जागी झाली की बंद करतात. काहींची पूर्ण भरून येत नाही, तेही खरं. पण भीतीपोटी दोन दिवस लांबवण्यात जीव जातो. खर्चाचं असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी तिथे जा. जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस देण्याचा केंद्राचा कार्यक्रमही २०१६ पासून आहे, तेव्हा त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलमध्येही चौकशी करा.

घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्डवर बऱ्याच गोळ्यांपुढे 'बंद' लिहिलेलं असतं. कधीपर्यंत, ते नसतं. मग काही जण लगेच सगळं परत सुरू करतात, आणि काही जण टेल्मिसार्टन कायमचीच सोडतात, जिने एरवी त्यांची किडनी जपली असती. दोन्ही प्रकार माझ्याकडे येतात. हॉस्पिटल सोडण्याआधीच प्रत्येक बंद गोळीपुढे 'कधी सुरू करायची, कोणत्या रिपोर्टनंतर' हे विचारून पेनाने लिहून घ्या. क्रिएटिनिन-पोटॅशियम आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा करा, मग तीन महिन्यांनी, लघवीतल्या अल्ब्युमिनसकट. ईजीएफआर ४५ च्या खाली राहिला तर मेटफॉर्मिनचा डोस कमी होतो, ३० च्या खाली ती बंदच. इन्सुलिनचे युनिट पूर्वीचेच ठेवून चालणार नाही, पहिले काही आठवडे शुगर जास्त वेळा बघा. आणि झाकणावरचा जुना कागद काढून नवा लावा, कारण क्रिएटिनिनचा तुमचा नेहमीचा आकडा आता कदाचित बदललेला असेल.